घरोघरीचे आरोग्यसंदर्भ आणि आपली लेखणी

चिकित्सालयात येणारा रुग्ण आता एकटा येत नाही. त्याच्यासमवेत आधीच वाचून झालेली काही पाने येतात. कधी ती कुटुंबासाठी लिहिलेल्या एखाद्या जाडजूड आरोग्यसंदर्भाची असतात, कधी कोणीतरी छापून दिलेला उतारा असतो. रुग्ण नाडीसाठी हात पुढे करण्याआधी ती पाने आपल्यापुढे ठेवतो आणि विचारतो, "वैद्यराज, यात तर असे लिहिले आहे; मग तुम्ही हे कसे देता?" या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. प्रश्न विचारणारा रुग्ण जागरूक असतो, आणि जागरूक रुग्ण पथ्यही पाळतो. मात्र त्या पानांवरील मजकूर जेव्हा चुकीचा किंवा अर्धवट असतो, तेव्हा एका रुग्णाचे समाधान करून भागत नाही. तेच पान वाचलेले इतर असंख्य वाचक आपल्यापर्यंत कधीच येणार नसतात.

कुटुंबाच्या फडताळावरील वैद्यकीय पुस्तक ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. शंकर दाजी शास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक' अनेक मराठी घरांत पंचांगाच्या शेजारी ठेवलेला असे. पुढे डॉ. वामन गणेश देसाई यांच्या 'ओषधिसंग्रहा'ने वनस्पतींची ओळख करून देण्याचे मोलाचे काम केले. पाश्चात्त्य जगातही हाच प्रवास दिसतो. मर्क मॅन्युअल १८९९ मध्ये वैद्यकव्यावसायिकांसाठी निघाले आणि जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याची सर्वसामान्य कुटुंबांसाठी लिहिलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पूर्वी जे ज्ञान वैद्याच्या पडवीत मिळे, ते आता घरच्या घरी मिळू लागले आहे. यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, या संदर्भांत आयुर्वेदाविषयी जे लिहिले जाते ते कोण तपासतो, आणि त्यात चूक आढळली तर ती कोण कळवितो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर संपादकांनी द्यावयाचे आहे. दुसऱ्याचे उत्तर आपण द्यावयाचे आहे, आणि ते आजवर आपण दिलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. संमेलनात चहाच्या पेल्यासमवेत आपण या चुकांवर तावातावाने बोलतो. "त्यांना आयुर्वेदातले काय कळते?" असे म्हणून विषय संपवितो. पण दहा ओळींचे पत्र लिहून संबंधित संपादक मंडळाला ती चूक दाखवून देणारे आपल्यात किती निघतील? ज्याची त्याने मनाशी मोजदाद करावी.

चुका कोणत्या स्वरूपाच्या असतात

सर्वप्रथम नावांचा घोळ पाहू. 'ब्राह्मी' या एका शब्दाखाली कोणी बॅकोपा मोनिएरी सांगतो, तर कोणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे आपली मंडूकपर्णी. महाराष्ट्रात तर सर्वसामान्य लोक मंडूकपर्णीलाच सर्रास ब्राह्मी म्हणतात. 'शंखपुष्पी' म्हटले की आपल्या भेषजसंहितेला कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस अभिप्रेत असते. केरळात त्याच नावाने गोकर्ण वापरला जातो, तर अन्यत्र विष्णुक्रांता. 'रास्ना' उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेत अल्पिनिया गॅलंगा आणि बंगालात वँडा रॉक्सबर्घी असते. 'नागकेशर' मागावे तर मेसुआ फेरियाचे पुंकेसर मिळायला हवेत. पण मुंबईच्या बाजारात 'तांबडा नागकेशर' म्हणून येतात त्या कोकणातल्या सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या. हा फरक ज्याला ठाऊक नाही तो संदर्भकार एका वनस्पतीवरील प्रयोगाचे निष्कर्ष दुसरीच्या नावावर मोकळेपणाने मांडून टाकतो, आणि वाचकाला काहीच कळत नाही.

दुसरी चूक वनस्पतीच्या अंगाची. अश्वगंधेचे आपण मूळ वापरतो. आहारपूरक उत्पादनांच्या लाटेत मात्र पानांचे अर्क मिसळण्याचा प्रकार सुरू झाला. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानांचा वापर टाळण्याविषयी कळविले. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. अशा वेळी एखाद्या कौटुंबिक संदर्भात नुसते 'अश्वगंधा' एवढेच लिहिले असेल, मूळ की पान, चूर्ण की संहत अर्क, याचा उल्लेखच नसेल, तर ती स्तुती असो वा निंदा, दोन्ही निरुपयोगी होत.

तिसरी चूक कल्पांची. काष्ठौषधी आणि रसौषधी यांतील भेद बाहेरच्या लेखकाला सहसा समजत नाही. २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यावर आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. २००८ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या १९३ उत्पादनांच्या अभ्यासात रसशास्त्रीय आणि इतर उत्पादनांची वेगळी मोजणी झाली. रसशास्त्रीय उत्पादनांत धातू आढळण्याचे प्रमाण सुमारे ४१ टक्के, तर इतरांत सुमारे १७ टक्के होते. यातला पहिला आकडा शास्त्राच्या पद्धतीविषयी प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर शोधन, मारण, भस्मपरीक्षा, मात्रा आणि आधुनिक विषपरीक्षा यांच्या आधारेच द्यावे लागेल. दुसरा आकडा मात्र निव्वळ आपल्या निष्काळजीपणाविषयी बोलतो. कारण ज्या कल्पात धातू घालावयाचाच नाही, त्यात तो आला कोठून? दोन्ही आकडे एकत्र करून 'आयुर्वेदीय औषधांत धातू असतात' असे लिहिणारा संदर्भ चुकतो. पण 'हा सारा अपप्रचार आहे' असे म्हणणारे आपणही तितकेच चुकतो.

चौथी चूक मात्रा आणि काल यांची. पिंपळीचे गुण सांगताना ती किती दिवस घ्यावी हे कित्येक संदर्भ सांगतच नाहीत. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण या तिहींच्या अतिसेवनाविषयी सावध केले आहे. हा इशारा गाळून केलेले गुणवर्णन वाचकाच्या हिताचे नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. चुका केवळ आपल्या विरोधातल्या नसतात. आपल्या बाजूच्याही असतात. 'वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक' हे वाक्य आयुर्वेदाच्या बाजूचे दिसते, पण ते आयुर्वेदाचे नव्हे. वत्सनाभ, धोत्रा, कण्हेर, कुचला, बिब्बा, जयपाळ ही सारी वनस्पतीच होत, आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या ई (१) या परिशिष्टात विषारी द्रव्ये म्हणून त्यांची नोंद आहे. ती असणारी पोटात घेण्याची औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. न जाणलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे, अग्नीसारखे आणि जाणलेले अमृतासारखे, हा चरकसूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायातील विचार आपण विद्यार्थिदशेत पाठ केला. तो संपादकांना कळविण्याचे काम दुसरे कोण करणार?

आपण लिहीत का नाही

याची कारणे आम्ही अनेक वैद्यमित्रांना विचारली. काहींनी भाषेची अडचण सांगितली, काहींनी वेळेची. बहुतेकांनी मात्र "लिहून उपयोग काय? ते ऐकणार नाहीत" असे उत्तर दिले. आमचा स्वतःचा अनुभव येथे सांगितला तर तो अप्रस्तुत ठरू नये.

काही वर्षांपूर्वी एका कौटुंबिक आरोग्यसंदर्भात गुळवेलीविषयीच्या टिपणात चित्र दुसऱ्याच वेलीचे छापलेले आमच्या पाहण्यात आले. आम्ही संतापून पाच पाने लिहिली. आरंभी आयुर्वेदाचे प्राचीनत्व, मध्ये पाश्चात्त्य वैद्यकाच्या दुष्परिणामांची यादी, आणि चौथ्या पानाच्या अखेरीस मूळ मुद्दा, असा तो प्रपंच होता. उत्तर आले नाही. आमचा समज दृढ झाला की त्यांना ऐकावयाचेच नाही. वर्षभराने एका ज्येष्ठ वैद्यांनी ते पत्र वाचले आणि शांतपणे विचारले, "यात चूक कोणत्या पानावर आहे आणि तिथे काय हवे, हे कोठे लिहिले आहे?" आम्ही निरुत्तर झालो. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दुसरे पत्र लिहिले ते अर्ध्या पानाचे. टिपणाचे शीर्षक, पृष्ठ, चुकीचे चित्र, योग्य वनस्पतीचे शास्त्रीय नाव, खोड ओळखण्याच्या खुणा, आणि भेषजसंहितेचा भाग व खंड, एवढेच त्यात होते. काही आठवड्यांत दोन ओळींचे आभारपत्र आले आणि पुढील आवृत्तीत चित्र बदलले.

पहिल्या पत्रात आम्ही भांडलो होतो. दुसऱ्यात आम्ही काम केले होते.

संधाय आणि विगृह्य

या दोन पत्रांतील भेदाला आपल्या शास्त्रात नाव आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा. पहिली मैत्रभावाने, ज्ञान वाढविण्यासाठी, दुसरी जिंकण्यासाठी. जो ज्ञानसंपन्न आहे, रागीट नाही, मत्सरी नाही, ऐकून घेण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्याशी संधाय संभाषा करावी, असे आचार्य सांगतात. त्या वेळी निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे, हार झाली तर उद्विग्न होऊ नये, दुसऱ्यास निरुत्तर केले म्हणून हर्षभरित होऊ नये, एकांगी आग्रह धरू नये आणि स्वतःस जे माहीत नाही त्याचे वर्णन करू नये, असा त्याचा मथितार्थ आहे. संपादकांना पत्र कसे लिहावे याविषयी याहून नेमके मार्गदर्शन आमच्या वाचनात नाही.

संपादक हा आपला प्रतिपक्ष नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. आपल्या परंपरेत त्याला फार मोठे स्थान आहे. अग्निवेशतंत्राचा प्रतिसंस्कार चरकांनी केला. त्यातील चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन स्थाने दृढबलांनी पूर्ण केली. फार विस्तारलेले संक्षिप्त करणे आणि फार संक्षिप्त असलेले विस्तारणे, अशी प्रतिसंस्कर्त्याच्या कार्याची व्याख्याच दृढबलांनी दिली आहे. विसाव्या शतकात वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यासाठी चरकसंहिता सिद्ध केली तेव्हा निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद तळटिपांत नोंदविले. आपला पाठ तेवढा खरा असे म्हणून इतर पाठ त्यांनी झाकून टाकले नाहीत. ज्या संहितेचा आधार घेऊन आपण व्यवसाय करतो, ती अशा संपादकांच्या हातून आपल्यापर्यंत आली आहे. मग आज एखादा संपादक आपल्या ग्रंथातील चूक कळवा असे म्हणत असेल, तर त्याच्या पत्राची उपेक्षा करण्याचा आपल्याला काय अधिकार?

पत्रात काय असावे

एका पत्रात एकच मुद्दा असावा. दहा चुका असतील तर सर्वांत घातक ती प्रथम कळवावी. रुग्णाच्या जिवाशी संबंधित चूक आणि शब्दलेखनाची चूक यांना एकाच रांगेत बसवू नये.

टिपणाचे शीर्षक, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठ नमूद करावे. चुकीचे वाक्य कोणते आणि त्याऐवजी कोणते वाक्य असावे, ते स्वतः लिहून द्यावे. संपादकाला तक्रारीपेक्षा तयार दुरुस्ती अधिक उपयोगी पडते.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, कल्प, मात्रा आणि अनुपान ही पंचसूत्री प्रत्येक द्रव्याबाबत द्यावी. उदाहरणार्थ, नुसते 'गुळवेल' न लिहिता 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, खोड, चूर्ण, ३ ते ६ ग्रॅम' असे लिहावे. भारतीय आयुर्वेदीय भेषजसंहितेत ही माहिती तयार आहे. ती नकलून देण्यास अर्धा तास पुरतो.

प्रमाणांची सरमिसळ करू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांचा भेद आपणांस शिकविलेला आहे. ग्रंथ काय म्हणतो, आम्ही आमच्या चिकित्सालयात काय पाहिले, आणि नियंत्रित परीक्षणात काय आढळले, ही तीन विधाने तीन वेगळ्या वाक्यांत लिहावीत. वीस रुग्णांना गुण आला म्हणजे ते द्रव्य सिद्ध झाले असे लिहिल्यास संपादक ते पत्र बाजूला ठेवील, आणि त्यात त्याची चूक नसेल. 'आमच्याकडील वीस रुग्णांत असे दिसले. तुलनात्मक परीक्षण झालेले नाही' असे लिहिणारा वैद्य मात्र त्याच्या लक्षात राहील.

स्वतःचा हितसंबंध लपवू नये. १९७८ पासून कार्य करणाऱ्या, व्हँकुव्हर गट या नावाने आरंभ झालेल्या वैद्यकीय संपादकांच्या समितीने हितसंबंधांच्या प्रकटीकरणाला आपल्या शिफारशींत स्थान दिले आहे, आणि आज बहुतेक प्रतिष्ठित संपादक मंडळे ते मागतात. ज्याचा औषधनिर्माणाचा उद्योग आहे, त्याने ते पत्राच्या अखेरीस एका ओळीत सांगावे. सांगितल्याने पत्राचे वजन कमी होत नाही. लपविलेले उघड झाल्यावर मात्र पुढची सारी पत्रे वाया जातात.

रुग्णाचे नाव, गाव, छायाचित्र, ओळख पटेल असा कोणताही तपशील पत्रात नसावा. रोग्याच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, हा आचार्यांनी शिष्याला दिलेला उपदेश टपालालाही लागू आहे.

आणि अखेरीस, पत्रातून विक्री करू नये. अमुक चूर्णाने मधुमेह समूळ जातो, अमुक काढ्याने कर्करोग बरा होतो, असे दावे छापून आणण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनी औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा एकदा नजरेखालून घालावा. संपादकाला पाठविलेले प्रच्छन्न जाहिरातपत्र हे केवळ कचऱ्याच्या टोपलीत जात नाही. त्या टोपलीत आपल्या सर्वांची पत्रे ओढून नेते.

कसोटीचा प्रसंग

आतापर्यंतचे सारे सोपे होते. आपल्या निष्ठेची खरी परीक्षा होते ती सत्य आपल्या विरोधात जाते तेव्हा. गुळवेलीचे प्रकरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

महासाथीच्या काळात लोकांनी गुळवेल किती आणि कशी घेतली हे आपण सर्वांनी पाहिले. कुंपणावरची वेल तोडून, न ओळखता, न मोजता, महिनोन्महिने काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप नोंदविला : रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख पटविलेली नव्हती, आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या सारख्या दिसणाऱ्या वेलीशी गफलत होऊ शकते. हा आक्षेप रास्त होता. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात, आपल्या गुळवेलीवर तसे नसतात. पण ही खूण सर्वसामान्य माणसाला कोणी सांगितली होती? पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अनेकांमध्ये स्वप्रतिकारजन्य यकृतशोथाची लक्षणे आढळली होती.

अशा वेळी कौटुंबिक आरोग्यसंदर्भाच्या संपादकांना आपण काय लिहावे? 'गुळवेल अमृता आहे, तिच्यापासून अपाय संभवत नाही' असे लिहिणे सोपे आहे, लोकप्रियही आहे. पण तसे लिहिणारा वैद्य त्या ४३ रुग्णांकडे पाठ फिरवितो. आमच्या मते योग्य पत्र असे असावे : वनस्पतीची ओळख निश्चित असल्याखेरीज गुळवेल घेऊ नये, ज्यांना आधीच यकृताचा किंवा स्वप्रतिकारजन्य विकार आहे त्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, काविळीची चिन्हे दिसताच सेवन थांबवून वैद्यकीय तपासणी करावी, आणि आजवर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांचा उल्लेख टिपणात असावा. हे लिहिल्याने गुळवेलीचे अमृतत्व कमी होत नाही. जाणून वापरले तर अमृत, न जाणता वापरले तर विष, हे आपलेच वचन आपण पाळलेले असते.

अपाय दिसला तर केवळ संपादकांना कळवून भागणार नाही, हेही सांगावयास हवे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठीचा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २००८ मध्ये जामनगरच्या संस्थेला केंद्रस्थानी ठेवून सुरू झाला आणि २०१८ मध्ये नव्या दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे समन्वय सोपवून त्याची नव्याने उभारणी झाली. त्याची परिघीय केंद्रे आयुर्वेद महाविद्यालयांतून आहेत. संशयित अपायाचा अर्ज भरणे म्हणजे शास्त्राशी द्रोह नव्हे. उलट आपण अर्ज भरला नाही तर त्या अपायाचा वृत्तांत दुसरे कोणी लिहितील, आणि त्यात वनस्पतीची ओळख, मात्रा व कल्प यांचा तपशील नसेल. मग त्या तपशिलाच्या अभावाविषयी तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आपल्यापाशी उरणार नाही.

औषधालयांच्या चालकांना विनंती

या कामात औषधालयचालकांचा वाटा वैद्यांपेक्षा कमी नाही. किंबहुना काही बाबतींत अधिक आहे. कोणत्या नावाखाली प्रत्यक्ष कोणते द्रव्य बाजारात येते हे त्यांच्याइतके कोणासच ठाऊक नसते. वावडिंगाच्या पोत्यात काय येते, अशोकाची साल म्हणून खोट्या अशोकाची साल कशी खपविली जाते, हे ज्ञान ग्रंथांत नाही, गोदामात आहे. हे ज्ञान संपादकांपर्यंत पोहोचले तर वाचकाला निदान योग्य प्रश्न विचारता येईल.

त्याचबरोबर आपल्या मालाची बाजूही तपासून घ्यावी. भेषजसंहितेने जड धातूंच्या मर्यादा घालून दिल्या आहेत : शिसे दशलक्ष भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. वनौषधींच्या निर्यातीसाठी ही तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. परदेशातल्या रुग्णाला जी खात्री देतो ती शेजारच्या गल्लीतील रुग्णाला का देऊ नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला अद्याप मिळालेले नाही. ज्या औषधालयाकडे प्रत्येक घाणीचे परीक्षणपत्र आहे, त्याचा चालक संपादकाला ताठ मानेने लिहू शकतो. ज्याच्याकडे ते नाही त्याने आधी ते करून घ्यावे, पत्र नंतर लिहावे.

संपादकांनाही दोन शब्द

पत्रव्यवहार एकतर्फी असू शकत नाही. कुटुंबांसाठी आरोग्यसंदर्भ सिद्ध करणाऱ्या संपादकांकडूनही आमच्या अपेक्षा आहेत. आयुर्वेदाविषयीचे टिपण आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या तज्ज्ञाच्या नजरेखालून जावे. सूचना कोणत्या पत्त्यावर पाठवाव्यात हे ठळकपणे छापलेले असावे. सूचना स्वीकारली किंवा नाकारली तर कारणासह कळवावे. आणि दुरुस्ती मूकपणे न करता तिची नोंद ठेवावी, कारण जुनी आवृत्ती वाचलेल्या कुटुंबाला बदल कळणे आवश्यक आहे. यातील कोणतीही मागणी अवाजवी नाही. दोनशे पृष्ठे एका वैद्यकाला आणि अर्धे पृष्ठ इतर सर्व वैद्यकांना, तेही ऐकीव माहितीवर, असा प्रकार आजही आढळतो, आणि तो आम्हाला सलतो.

काही मित्र म्हणतील की आपल्या शास्त्राला त्यांच्या प्रमाणपत्राची गरजच काय? आम्हाला प्रमाणपत्र नकोच आहे. वाचकाच्या हाती पडणारी माहिती बरोबर असावी एवढेच हवे आहे. तो वाचक त्यांचा नव्हे आणि आपलाही नव्हे. तो रुग्ण आहे. त्याला रात्री दोन वाजता मुलाच्या तापासाठी पुस्तक उघडावे लागते, तेव्हा त्या पानावर काय असावे, एवढाच प्रश्न आहे.

एक सूचना

भाषणाने कामे होत नाहीत, हे जाणून आम्ही एक साधी योजना मांडतो. प्रत्येक जिल्हा शाखेने तिघांचा एक गट नेमावा : एक चिकित्सक, एक द्रव्यगुणाचे अध्यापक आणि एक औषधालयचालक. या गटाने तीन महिन्यांत एकच टिपण निवडावे, तपासावे, आणि एकच पत्र पाठवावे. इंग्रजीची अडचण असेल तर महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मदत घ्यावी. त्यांनाही ते उत्तम शिक्षण ठरेल. पाठविलेले पत्र आणि आलेले उत्तर या त्रैमासिकात छापावे. आपली सूचना नाकारली गेली तर तेही छापावे, कारणांसह. आपणच चुकलो होतो असे निष्पन्न झाले तर ते सर्वांत आधी छापावे.

याने आयुर्वेदाविषयीचे सारे गैरसमज दूर होतील असा आमचा दावा नाही. पण वर्षाकाठी एका जिल्ह्यातून चार नेमकी पत्रे गेली, तर चार चुका तरी कोणाच्या घरी पोहोचण्याआधी अडविता येतील. पुढच्या वेळी एखादा रुग्ण छापील पान घेऊन समोर बसेल, तेव्हा ते पान बाजूला सारू नये. त्याच्याकडून ते मागून घ्यावे, चुकीच्या ओळीखाली रेघ मारावी आणि त्याच संध्याकाळी, चिकित्सालय बंद करण्याआधी, पत्र लिहावयास बसावे.